नाव आपलं, खोली भाड्याची

‘वेबसाइट काढायचीय, बजेट हजार रुपये.’ कॉलेजच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की गाडी लगेच होस्टिंगवर जाते. कुठली कंपनी स्वस्त, कुणाचा सेल चालू आहे, कोण ‘अनलिमिटेड’ देतंय. डोमेनचं काय? ‘ते सोबत फुकट मिळतं ना!’ म्हणून विषय संपतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. खिशात पैसे कमी असतील तर ते नावावर खर्च करा आणि होस्टिंगवर वाचवा.

फरक साधा आहे. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता, होस्टिंग म्हणजे सामान ठेवायची खोली. मोबाइलचा नंबर तोच ठेवून आपण कंपनी बदलतो ना, तसंच डोमेन तेच ठेवून होस्टिंग कधीही बदलता येतं. लोकांना कळतही नाही. पण नंबरच दुसऱ्याच्या नावावर असेल तर?

हे होतं, आणि नेहमी होतं. फेस्टची वेबसाइट एखादा सीनियर स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या पैशांनी काढतो. पास होऊन तो पुण्याला नोकरीला जातो. पुढच्या वर्षी रिन्युअलचा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि ऐन फेस्टच्या तोंडावर पोस्टरवर छापलेला पत्ता उघडत नाही. घरच्या धंद्याचंही तेच. ओळखीतला ‘वेबसाइटवाला’ डोमेन स्वतःच्या अकाउंटमध्ये घेतो आणि दोन वर्षांनी फोन उचलत नाही. त्यामुळे पहिला नियम हा, की डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर घ्या. तोही कॉलेजने दिलेला मेल नको, कारण पास झाल्यावर तो बंद होऊ शकतो. डॉटकॉमसारख्या डोमेनची मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी आठवण करून देणं विक्रेत्या कंपनीवर बंधनकारक असतं. ती आठवण बंद पडलेल्या मेलवर गेली तर उपयोग शून्य.

‘पण नावसुद्धा फुकट मिळतं की!’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना फ्रीनॉमची गोष्ट सांगा. डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए अशी नावं ही कंपनी वर्षानुवर्षं फुकट वाटायची. प्रोजेक्टसाठी हजारो मुलांनी ती घेतली, आणि फसवणूक करणाऱ्यांनीही घेतली. मेटाने कोर्टात खेचलं, 2023 मध्ये नवीन नोंदणी थांबली, त्याच वर्षी गॅबन देशाने आपलं डॉट जीए परत घेतलं आणि 2024 मध्ये कंपनीने हा धंदाच सोडायचं जाहीर केलं. फुकट नावावर आपला हक्क किती, ते इथे कळतं.

अर्थात पैसे भरले तरी डोमेन कायमचं आपलं होत नाही. सिडकोच्या प्लॉटसारखं ते लीजवर असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं, आणि मग पुन्हा रिन्यू. म्हणून घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, रिन्युअलची बघा. शंभर-दोनशेत मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी कित्येक पट महाग पडू शकतं. डॉट इन किंवा डॉट कॉम घेतलं तर रिन्युअल साधारण हजाराच्या आसपास बसतं. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन अशी फॅन्सी शेपटं पहिल्या वर्षी स्वस्त दिसतात, नंतर चावतात.

होस्टिंगच्या जाहिरातीतही हीच गंमत. समजा मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘महिना 99 रुपये’. खाली बारीक अक्षरात: 48 महिन्यांचे एकदम भरल्यास. म्हणजे 4,752 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. फर्स्ट इयरला असाल तर डिग्री संपेपर्यंतचे पैसे आजच गेले. आणि ते ‘फुकट डोमेन’? ते बहुतेकदा पहिल्याच वर्षापुरतं असतं.

आता नाव निवडायचं. इथे मराठी माणसाची खरी परीक्षा आहे. समजा आईच्या आगरी मसाल्याची वेबसाइट करायचीय. रोमनमध्ये ‘आगरी’ला एक ‘ए’ की दोन? एकच घातला तर बाहेरच्याला शेतीची कंपनी वाटेल. फराळाला ‘एफ’ की ‘पीएच’? ‘व’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? ‘ळ’चं काय करायचं? माझी एक चाचणी आहे. पनवेल स्टेशनवर अनाउन्समेंट चालू असताना मित्राला फोनवर नाव सांगा. स्पेलिंग न सांगता त्याने बरोबर टाइप केलं तर नाव पास. मध्ये डॅश, आकडे किंवा ‘डबल ओ’ असलं काही सांगावं लागलं तर दुसरं नाव शोधा.

देवनागरीत डॉट भारतसुद्धा आहे, 2014 पासून. स्पेलिंगचा सगळा घोळ तिथे मिटतो आणि मला ते मनापासून आवडतं. पण अजून अनेक फॉर्म देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. तेव्हा हजाराच्या बजेटमध्ये आधी रोमन नाव घ्या. धंदा चालला की देवनागरी घ्याच.

राहिलं होस्टिंग. पोर्टफोलिओ, फेस्ट, ट्रेकिंग ग्रुप, मसाल्याचा भाव आणि व्हॉट्सअॅप नंबर एवढंच दाखवायचं असेल तर साधी पानं पुरतात, आणि ती फुकट ठेवता येतात. गिटहब पेजेसवर 1 जीबीपर्यंतची साइट बसते, फक्त त्यावर ऑनलाइन दुकान चालवायची परवानगी नाही. कोडिंग नको असेल तर ब्लॉगर आहे, तिथेही स्वतःचं डोमेन जोडता येतं. आणि कुणी एसएसएलचे वेगळे पैसे मागितले तर थांबा. लेट्स एन्क्रिप्ट ते 2015 पासून फुकट देतंय.

लॉगिन, ऑर्डर, डेटाबेस असं काही लागलं तरच होस्टिंग विकत घ्या. तेही आधी एका वर्षाचं. सर्व्हर कुठे हवा असं विचारलं तर ग्राहक इथले असल्यामुळे मुंबई किंवा भारत निवडा. ‘क्लाउड’ कुठे आकाशात नसतो. आपल्या पनवेलमध्येच 2020 पासून योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर उभं आहे. शेवटी ती एक इमारत असते, आणि इमारतीला आगही लागते. मार्च 2021 मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांनी दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती त्यांच्या साइट कायमच्या गेल्या. आठवड्यातून एकदा बॅकअप स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवायला एक पैसाही लागत नाही.

‘इन्स्टा असताना वेबसाइट कशाला?’ हा प्रश्न चुकीचा नाही. चार दिवसांच्या इव्हेंटला इन्स्टा पेज पुरतं, डोमेनवर पैसे घालवू नका. पण जे काम पाच वर्षं करायचंय, त्याचा पत्ता दुसऱ्याच्या अंगणात का? ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, तिथल्या कम्युनिटीही त्याच्यासोबत गेल्या. उद्या अकाउंट हॅक झालं की फॉलोअर्स गेले. डोमेन आपलं असेल तर आज ते इन्स्टाकडे वळवा, उद्या आणखी कुठे. बोर्डावर आणि पाकिटावर छापलेला पत्ता बदलत नाही.

म्हणून हजार रुपयांचा माझा हिशोब असा: एक साधं, ऐकताच लिहिता येईल असं नाव, फुकट होस्टिंग, आणि उरलेले पैसे पुढच्या रिन्युअलसाठी बाजूला. आणि घरच्या दुकानाची किंवा कॉलेजच्या फेस्टची वेबसाइट आधीपासून असेल, तर आज संध्याकाळी एवढंच विचारा, की डोमेन कुणाच्या मेलवर आहे? उत्तर यायला वेळ लागला, तर कामाला लागा.