अंघोळ येते, म्हणून मदत नाही

इंग्लंडमधल्या एखाद्या कौन्सिलची समाजसेविका घरी येते आणि विचारते, "अंघोळ स्वतःची स्वतः करता ना?" समोरचा तिशीतला स्वमग्न तरुण "हो" म्हणतो. फॉर्मवर खूण होते. आईने चारदा आठवण करून दिल्याशिवाय तो न्हाणीघराकडे वळत नाही, अंगावर पाणी पडताच त्याचा जीव कासावीस होतो, हे त्या खुणेत कुठेच दिसत नाही.

कायद्याला ते दिसते. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टच्या नियमांनुसार, दुसऱ्याच्या मदतीशिवाय किंवा मोठ्या मनस्तापाशिवाय होत नसेल ते काम 'जमत नाही' असेच धरायचे. ऑटिझम अ‍ॅक्ट २००९ सालचा, तोही खास स्वमग्न प्रौढांसाठी. केवळ बुद्ध्यांक जास्त आहे म्हणून गरजांची पाहणी नाकारू नका, असे सरकारी मार्गदर्शिकाही बजावते.

तरी माणसे दोन विभागांच्या मधे अडकतात. बौद्धिक अक्षमतेचा विभाग सांगतो, याची बुद्धी उत्तम आहे. मानसिक आरोग्यवाले सांगतात, हा आजार नव्हे. दोघांचे म्हणणे खरे, आणि तरुण मात्र घरातच बसून.

पैशांची चणचण खोटी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम कौन्सिलने नव्या खर्चाला जवळपास कुलूपच लावले. पण आठवड्यातून दोन तास सोबत येणारा, पत्रे वाचून देणारा, डॉक्टरकडे नेणारा माणूस ही काही चैन नव्हे. आज हे सगळे आई करते. ती थकल्यावर काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जायला हवा. आणि अंघोळ 'येते का' याऐवजी 'कशी होते' हेही.