जगात जर्मनी, चिखलात परभणी!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे शाळेत पाढ्यांबरोबरच पाठ होते. पुण्यात आल्यावर कळतं की बाकीच्या महाराष्ट्राला दुसरीच म्हण पाठ आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ त्यामुळे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी विकेंड प्लॅन विचारला आणि मी ‘परभणीच्या डोंगरात पळायला चाललेय’ म्हटलं की आधी हशा पिकतो. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘परभणीत डोंगर आहेत?’

आहेत, बॉस! जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरलेत आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट आडवा पसरलाय. मधून गोदावरी जाते. उंचीच्या बाबतीत सह्याद्रीपुढे हे सगळं बुटकंच म्हणायचं. पण ट्रेल रनिंगसाठी उंची लागतेच असं नाही. चढ-उतार, पायवाट आणि थोडा वेडेपणा एवढं भांडवल पुरतं.

ट्रेल रनिंगचा फंडा आता नवा राहिलेला नाही. पावसाळी हवेत यवतेश्वरचा घाट चढायला लावणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. सिंहगड-राजगड-तोरणा पळत गाठणारे अल्ट्रावाले तर वेगळ्याच ग्रहावरचे लोक! पण ही सगळी चर्चा सह्याद्रीभोवतीच फिरते. मराठवाड्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टँकर येतो.

माझा लाडका रूट जिंतूरजवळच्या नेमगिरीचा. गावापासून तीनेक किलोमीटरवर डोंगर, त्यात जुनी जैन गुंफा मंदिरं. इतकी ठेंगणी दारं की भल्याभल्यांना वाकूनच आत जावं लागतं. आतली पार्श्वनाथांची अधांतरी वाटणारी मूर्ती बघायला लांबून भाविक येतात. मी मंदिराच्या बाजूच्या उघड्या माळावर आणि पायवाटांवर पळते. तेही शक्यतो जून ते सप्टेंबर, म्हणजे घरातून ‘डोकं फिरलंय का?’ असं विचारलं जातं त्या सीझनमध्ये.

आधी माती ओळखा

पुण्यातले ट्रेल शूज घेऊन परभणीत उतरलात की पहिला धडा काळी माती देते. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना ती बुटाला अशी धरते की शंभर पावलांत प्रत्येक पायाला अर्धा किलोचा लाडू बांधला जातो. तुमच्या सोलला कितीही खोल नक्षी असू द्या, ती दहा पावलांत बुजते. मग काय? शेताच्या बांधावरचं गवत शोधायचं, किंवा सरळ चालायचं. काळ्या रानात पळण्याचा हट्ट म्हणजे पोटरीला आमंत्रण!

डोंगर चढायला लागलं की खेळ बदलतो. इथे मुरूम आणि काळा दगड. मुरमात पाणी झिरपतं, त्यामुळे पाऊस थांबला की तासाभरात पळण्याजोगी वाट तयार. पण उतारावर हाच मुरूम पायाखाली गोट्यांसारखा घरंगळतो आणि कातळावर शेवाळ असतं. अशा ठिकाणी लांब ढांगा टाकायच्या नाहीत. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, हात बाजूला सैल आणि नजर बुटावर नाही तर तीन-चार मीटर पुढे. चढावर गुडघ्यावर हात ठेवून चाललात तरी कुणी हसत नाही. मुळात बघायला असतं कोण? दोन-चार बकऱ्या!

आभाळ काय म्हणतंय?

परभणीचा पाऊस महाबळेश्वरसारखा नाही. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडे नऊशेच्या आसपास. पण तो पडायचा तेव्हा असा पडतो की सप्टेंबर २०२४ मध्ये नदी-नाले गावांत घुसले होते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने पुन्हा तेच पाहिलं. आणि पावसापेक्षा खतरनाक असते वीज. मान्सून येण्याआधी आणि परतताना, दिवसभर उकडून दुपारनंतर ढग चढले की समजायचं.

गेल्या पावसाळ्यात नेमगिरीच्या अलीकडे एका गुराखी काकांनी मला हटकलं. ‘का पळायलीस माय? कोन मागं लागलंय का?’

‘व्यायाम करतेय, काका.’

‘कर की. पन वर जाऊ नको. गुरं बघ, चरायची सोडून एका जागी उभी राह्यलीत. ते ढग इकडंच येतंय.’

मी मोबाइलवर ‘दामिनी’ उघडलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं हे अ‍ॅप आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडतेय का ते सांगतं. अ‍ॅपचं आणि काकांच्या गुरांचं एकमत होतं. मी उलटी फिरले. वीस मिनिटांत माथा दिसेनासा झाला.

अ‍ॅप नसेल तर शाळेतलं गणित आहेच. आवाज एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकली की मोजायला लागा. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे माथा आणि उघडा माळ सोडायचा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. एकटं झाड आणि पत्र्याची शेड हे दोन्ही आसरे फसवे. नेमकं तिथेच आपण धावतो.

थंडीने? तेही पळताना?

२२ मे २०२१. चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत. १७२ स्पर्धक होते आणि त्यात देशातले नावाजलेले अल्ट्रारनर. दुपारी वातावरण फिरलं. गारठलेला पाऊस, गारा, सोसाट्याचा वारा. बहुतेकांच्या अंगावर टी-शर्ट आणि शॉर्ट्स, कारण वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतंच. २१ जण गेले. खाली पडून नव्हे, तर शरीराचं तापमान उतरून. जू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं आणि ते वाचले.

आता तुम्ही म्हणाल, परभणीत कुठली आलीय हिमबाधा? डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या कृषी विद्यापीठाच्या थर्मामीटरने तीन अंशांच्या आसपासचा आकडा दाखवला होता! आणि गारठायला शून्य अंश लागतच नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या कितीतरी पट वेगाने ओढून घेतं. भिजलेला कॉटनचा टी-शर्ट, वारा आणि दमून मंदावलेला वेग हे तिघे एकत्र आले की वीस अंशांतही दात वाजतात. पळताना शरीर भट्टीसारखं गरम असतं. पाय मुरगळून थांबलात की भट्टी बंद.

उलट पाऊस थांबून ऊन पडलं की दुसरं टोक! दमट हवेत घाम वाळत नाही आणि तो वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. अशा वेळी नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी हे आजीचं एनर्जी ड्रिंक अजून भारी आहे.

ज्यांना पळावंच लागतं

इथपर्यंतचं सगळं तुमच्या-माझ्यासारख्या हौशी मंडळींसाठी. पण परभणीत पहाटे पाचला रस्त्यावर या, तिथे वेगळीच पलटण दिसेल. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण लांब पल्ल्याच्या धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्यासाठी धावणं म्हणजे पगाराची स्लिप.

जिंतूर रोडला अशाच दोघींशी ओळख झाली. रिपरिप पाऊस, अंगावर भावाचे जुने टी-शर्ट. ‘ताई, तुमचे शूज कितीचे?’ आकडा ऐकून दोघी खो खो हसल्या. ‘एवढ्यात तर आमची अकॅडमीची फी निघते.’ पावसात सुटी का नाही घेत, असं विचारलं तर एक म्हणाली, ‘आज पावसात सुटी घेतली, अन् ग्राउंडच्या दिवशी पाऊस आला तर?’ तिचा मुद्दा बिनतोड होता. २०२४ ची भरती १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली होती आणि पावसाने चाचणी झाली नाही तर पुढची तारीख मिळेल, असं सरकारला सांगावं लागलं होतं.

त्यांच्यासमोर आदर्शही घरचाच आहे. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१८, २०१९, २०२० अशी सलग तीन वर्षं दुसरी. जर्मनी-परभणीची म्हण या मुली त्यामुळे हसण्यावारी नेत नाहीत.

पण एक गोष्ट मला खुपते. ट्रेलचे नियम, विजेचं गणित, ओल्या उताराचं टेक्निक हे सगळं आपण इंटरनेटवर वाचतो, त्यावर ग्रुपमध्ये तासन्‌तास चर्चा करतो. ज्यांना ते सगळ्यात जास्त लागतं, त्यांच्यापर्यंत ते फारसं पोचत नाही. शेवाळावर पाय मुरगळला तर माझा एक विकेंड जातो, तिची एक भरती जाते. आणि पुढच्या भरतीच्या आत घरचे लग्न लावून देतील, ही भीती वेगळीच. त्या दोघींच्या फोनवर मी तिथेच ‘दामिनी’ टाकून दिलं. पाच मिनिटांचं काम होतं.

निघण्याआधी एवढं बघा

• कॉटनला सुटी. लवकर वाळणारा टी-शर्ट आणि मुठीत मावेल असं वारा अडवणारं जॅकेट.
• प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन, शिट्टी, थोडे पैसे, चिक्की.
• कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगूनच निघा.
• ओढ्याचं गढूळ पाणी घोट्याच्या वर असेल तर थांबा. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं.
• दगडाच्या कपारीत हात घालू नका. पावसाळ्यात तिथे फुरसं असू शकतं.
• आखाड्यावरचं कुत्रं मागे लागलं तर पळू नका, चाला. तेवढ्यापुरतं रनिंग बंद!
• आणि परत फिरायची वेळ घरातूनच ठरवून निघा. माथा समोर दिसायला लागला की डोकं चालत नाही, फक्त पाय चालतात.

तुमच्यापैकी अर्धे लोक नांदेड, बीड, लातूर, हिंगोलीहून इथे आलेत हे मला पक्कं ठाऊक आहे. या पावसाळ्यात गावी गेलात की शूज सोबत न्या. आणि पहाटे रस्त्यावर पळणारी मुलं दिसली तर त्यांच्याबरोबर दोन किलोमीटर पळा. स्पीडमध्ये ती तुम्हाला धूळ चारतील, म्हणजे चिखल! पण विजेचं गणित मात्र त्यांना शिकवून या.