कानाची परीक्षा कोण घेणार?

वडसा परिसरातील एका तरुणाचा प्रवेशअर्ज भरण्यास आम्ही त्याच्यासोबत बसलो होतो. दूरच्या शहरातील एका संस्थेत त्याला संगीत-तंत्रज्ञान शिकायचे होते. बारावीस भौतिकशास्त्र होते काय? नव्हते. तालुक्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकला, तेथे केवळ कला शाखा होती. संगीताच्या कोणत्या परीक्षा उत्तीर्ण? एकही नाही. ध्वनिमुद्रणगृहातील अनुभव? रकाना कोराच. सलग पाच हंगाम त्याने झाडीपट्टीच्या नाटकांचा ध्वनी सांभाळला होता. त्या अनुभवासाठी अर्जात जागाच नव्हती. तो अर्ज कधी पाठवला गेला नाही.

आमची तक्रार त्या एका संस्थेविरुद्ध नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याजवळ ज्ञानही नाही, असे मानणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ती आहे.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांचा धानाचा व जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावी मंडप पडतात आणि शिमग्यापर्यंत रात्ररात्र नाटके चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये तेथे आहेत. तारखा तेथेच ठरतात. येथील संगीत आजही जिवंत वाजते : ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि नटाचा स्वतःचा गळा. याच रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नटाचा गौरव झाला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या नटाचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत नेणाऱ्या मुलाला शिक्षणाचे दार उघडते काय, हा प्रश्न राहतोच.

त्या मुलाला काय ठाऊक असते ते पाहा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून ३४ मीटरवर, मागच्या प्रेक्षकांसाठी भोंगा बांधला तर तारेतून आलेला आवाज तेथे तत्काळ वाजतो आणि रंगमंचावरचा मूळ आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने मागाहून पोहोचतो. शब्द दुहेरी होतात, संवाद विरतो. मुलाला हे गणित मांडता येणार नाही. परंतु दोष त्याच्या कानाला तत्क्षणी कळतो आणि तो भोंग्याची जागा बदलतो. भोंग्याचे तोंड माईककडे वळले की शीळ का घुमते, हे तो पहिल्याच हंगामात शिकतो. दमट रात्री डफड्याचे कातडे सैल पडून स्वर उतरतो. जाळावर शेकले की ओल जाते, ताण वाढतो, स्वर चढतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हाच नियम वर्गमुळाच्या चिन्हासह छापलेला असतो. विद्यापीठाने त्याला ते चिन्ह शिकवावे, म्हणजे झाले.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला दर्जाचा. भौतिकशास्त्राविना ध्वनिशास्त्र कसे शिकणार? आक्षेप खरा आहे, भौतिकशास्त्र हवेच. प्रश्न एवढाच की ते उंबरठ्याबाहेर मागावे की आत घेऊन शिकवावे. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९४६ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रमुखांना पत्र लिहून सुचविले होते की, ध्वनीचे काम करणाऱ्यांना संगीत आणि भौतिकशास्त्र या दोहोंचे शिक्षण द्यावे. जर्मनीत डेटमोल्ड येथे १९४९ पासून तसे शिक्षण दिले जात आहे. संगीत आणि विज्ञान यांची सांगड तेथे विद्यापीठाने घातली. आपल्याकडे ती सांगड विद्यार्थ्याने घरूनच घालून यावी अशी अपेक्षा असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान यांतील भिंत पाडण्याचे वचन दिले आहे. ती भिंत आधी प्रवेशअर्जातून पडली पाहिजे.

दुसरा आक्षेप पोटाचा. आधी नोकरी, मग गाणे. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोखंड हाच या भागाचा भविष्यकाळ, असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो : खाणीत उतरणारा हातच तेवढा कामाचा आणि ऐकणारा कान बिनकामाचा, हे ठरविले कोणी? केरळातील विळक्कुपारा या खेड्यातला रसूल पूकुट्टी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण घेतो आणि २००९ साली ऑस्कर मिळवतो. त्याच्याजवळ भौतिकशास्त्राची पदवी होती, हे खरे. म्हणूनच आम्ही म्हणतो, ती शिडी आमच्याही मुलाला द्या.

तिसरा आक्षेप मायेच्या भाषेत येतो, म्हणून अधिक फसवा. आदिवासींचे संगीत निर्मळ आहे, त्याला यंत्राचा स्पर्श नको, असे काही सुशिक्षित म्हणतात. हेच लोक भामरागड-एटापल्लीकडे जाऊन माडियांची रेला गीते आपल्या यंत्रात भरून आणतात. यंत्र तेथे केव्हाच पोहोचले आहे. ते कोणाच्या हाती असावे, कोणता स्वर ठेवावा आणि कोणता कापावा, ध्वनिफितीवर नाव कोणाचे पडावे, हे मात्र अजून बाहेरचाच ठरवितो. ज्यांचे गाणे त्यांच्याच लेकरांनी मुद्रित करावे, यात कोणती निर्मळता भंगते?

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत स्थापन झाले, ते याच दोन जिल्ह्यांसाठी. येथल्या मुलाला नागपूरकडे तोंड करून बसावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. तेव्हा आमचे मागणे त्याच विद्यापीठाकडे आहे. ध्वनी व संगीत-तंत्रज्ञानाचा पूर्ण पदवी अभ्यासक्रम तेथे उभा राहावा. प्रवेशासाठी कानाची परीक्षा घ्यावी : दोन स्वरांतील अंतर ओळखता येते काय, मंडपातील दोष ऐकून सांगता येतो काय, हे पाहावे. पहिले वर्ष भौतिकशास्त्र व गणिताच्या पायाभरणीस द्यावे आणि ते मराठीतून व गोंडीच्या आधाराने शिकवावे. झाडीपट्टीचा हंगाम हाच प्रात्यक्षिकाचा काळ मानून त्याचे गुण द्यावेत. यासाठी काचेचा महाल लागत नाही. एक चांगली खोली, थोडी यंत्रे आणि शिकविण्याची इच्छा असलेली दोन-चार माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

मुंबई-वसईच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. त्याच्या मुलाला ध्वनिमुद्रणगृह पाहायचे असेल तर लोकलचे तिकीट पुरते. सिरोंच्याच्या मुलाला स्वतःच्या जिल्ह्याचे मुख्यालय गाठण्यासाठीच जवळजवळ २०० किलोमीटर जावे लागते. पुणे-मुंबई त्याच्यापुढेच सुरू होते. या अंतराला आपण गुणवत्तेचा फरक म्हणत आलो, हा आपलाही अपराध आहे.

त्या तरुणाचा कोरा अर्ज अद्याप आमच्याजवळ आहे. येत्या दिवाळीनंतर तो पुन्हा मंडपात भोंगे बांधील. त्याचे शिक्षण कोठेही थांबलेले नाही. थांबला आहे तो त्या शिक्षणाला विद्यापीठाने द्यायचा होकार.