बंदीचा पाऊस, जबाबदारीचा दुष्काळ

जून सरत आला की सह्याद्रीत दोन गोष्टी नेमाने अवतरतात. एक म्हणजे धबधबे आणि दुसरी म्हणजे त्या धबधब्यांकडे जाण्यास मनाई करणारे सरकारी आदेश. बंदीचे फलक लागतात, नाक्यावर चार दिवस पोलीस उभे राहतात आणि रविवारची गर्दी मात्र त्याच वाटेने जंगलात शिरत राहते. एखादी दुर्घटना घडली की हळहळ, मग नवा आदेश आणि सप्टेंबरनंतर सारे विस्मरणात, असे हे चक्र आहे. ते भेदायचे असेल, तर बंदीने नेमके काय साधते, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातील एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. खडकावर एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर दोनच दिवसांत पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश निघाले. पंधरवडाही उलटला नव्हता, तोच १६ जुलैला शेजारच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्याजवळ, मित्रमैत्रिणींसोबत आलेली एक तरुणी खोल दरीत कोसळून मरण पावली. आदेश जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबतो. हौस थांबत नाही.

गेल्या दीड-दोन दशकांत या हौसेचा व्यवसाय झाला आहे, हे आधी मान्य करावे लागेल. पूर्वी गिरिभ्रमण संस्थांच्या मोहिमा निघत, तेव्हा नेत्याला प्रत्येक सदस्याचा दम ठाऊक असे. आता मोबाइलवर धबधब्याचे छायाचित्र झळकते, पैसे भरले जातात आणि शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस सुटते. तीस-चाळीस अनोळखी माणसे, त्यांना सांभाळायला दोन-तीन तरुण, पहाटे गावात पोहे-चहा, दुपारी कुणाच्या तरी घरी पिठले-भाकरी आणि रात्री उशिरा परत. माणगाव तालुक्यातील भिऱ्याजवळचे देवकुंड हे या एकदिवसीय ट्रेकचे ठळक उदाहरण. धरणाच्या जलाशयाकडेने निघालेली वाट पुढे दाट झाडीत शिरते आणि ओढे ओलांडत कुंडापाशी पोचते. चढ फारसा नाही, त्यामुळे वाट सोपी वाटते. धोका आहे तो नेमका या सोपेपणात.

कारण सकाळी घोटाभर पाण्याचा असलेला ओढा दुपारी कमरेइतका होऊ शकतो. येथील काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. माथ्यावर पडलेले पाणी मुरण्याआधीच खाली धावते. खाली ऊन असतानाही वर कोसळलेल्या सरींचा लोंढा येऊन थडकतो. याच परिसराच्या माथ्यावरील ताम्हिणीत २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. कुंडाचे गणितही वेगळेच. धारेखालच्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते शरीर तोलून धरत नाही. तलावात सहज पोहणारा माणूसही तेथे बुडतो, तो यामुळे.

हे सारे गावातला वाटाड्या जाणतो. ओढ्यातला कोणता दगड बुडाला की माघारी फिरायचे, पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला की त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. आणि बंदीचा पहिला फटका बसतो तो त्यालाच. बंदी असताना लोकांना जंगलात नेले, तर गुन्हा त्याच्यावर. म्हणून तो घरी बसतो. येणारे मात्र नाका चुकवून आडवाटेने, त्याच्याविना जातात. किती जण आत गेले, किती परतले, याची नोंद कुठेच राहत नाही. संध्याकाळी चौघे कमी भरले, तर शोध कोठून सुरू करायचा, हेही कुणी सांगू शकत नाही. शेवटी दोर घेऊन रात्री धावत जातात ते स्थानिक बचाव पथकांचे स्वयंसेवक. बंदीने जाणे थांबत नाही; नोंद तेवढी थांबते.

जबाबदारीची वाटणीही पाहण्यासारखी आहे. भुशीचे धरण रेल्वेचे, मागचे जंगल वनखात्याचे, बंदोबस्त पोलिसांचा आणि आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूदही आहे. पण रविवारी पहाटे बस गावात थांबते, तेव्हा ती नोंदणी दाखवा असे विचारणारे कुणीही वाटेच्या तोंडाशी नसते.

गोव्याचा अनुभव यापेक्षा निराळा नाही. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातील मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर बंदी घातली. पुढच्याच रविवारी शेकडो जण रेल्वेने दूधसागरकडे निघाले. त्यांना अडवावे लागले आणि काहींना उठाबशा काढाव्या लागल्या. मात्र पावसाळा सरल्यावर त्याच दूधसागरला कुळेहून जीपगाड्या ठराविक व्यवस्थेने जातात, जीवरक्षक जाकीट सक्तीचे असते आणि त्यावर स्थानिकांची घरे चालतात. म्हणजे स्थळ तेच आणि माणसेही तीच; जेथे व्यवस्था आहे तेथे शिस्तही दिसते.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दैनंदिन संख्येची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आहे. व्यवस्था वनखात्यासोबत गावकऱ्यांची समिती पाहते. फुलांसाठी जे जमते, ते माणसांच्या जिवासाठी का जमू नये? प्रत्येक गर्दीच्या धबधब्याच्या वाटेवर गावाच्या समितीचे फाटक असावे. तेथे नावनिशी नोंद व्हावी, ठराविक माणसांमागे एक स्थानिक वाटाड्या सक्तीचा असावा आणि दुपारनंतर कुणालाही आत सोडू नये. आयोजकाची नोंदणीही तेथेच तपासली जावी.

उत्पन्नाच्या मोहाने गाव धोक्याच्या दिवशीही फाटक उघडे ठेवील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच ते बंद करण्याचे निकष प्रशासनाने आधी ठरवून द्यावेत. हवामान खात्याचा लाल इशारा असेल किंवा ओढ्याच्या खडकावर रंगवलेल्या खुणेवर पाणी चढले असेल, तर त्या दिवशी प्रवेश नाही. असा एका दिवसाचा नकार लोक मानतात, कारण त्यामागचे कारण डोळ्यांसमोर वाहत असते. चार महिन्यांची सरसकट बंदी मात्र कुणालाच खरी वाटत नाही.

राहता राहिला आपला, शहरी वाचकांचा वाटा. पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही: तुमची नोंदणी आहे का, सोबत स्थानिक वाटाड्या कोण आहे आणि पाणी वाढले तर माघारी कोठून फिरणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या बसमध्ये आपण बसू नये आणि आपल्या मुलांनाही बसू देऊ नये.