फोनने बाईचंही ऐकावं

‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन 2017 पासून सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळू लागलं. ते दर तीन महिन्यांनी घ्यायचं. सुरुवातीला अनेकींची पाळी अनियमित होते, अंगावरून थोडंथोडं जात राहतं. वर्षभरात कित्येकींची पाळी थांबतेच. बहुतेक वेळा यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण हे आधी नीट सांगितलेलं नसेल, तर बाई धास्तावते, घरात कुजबुज सुरू होते आणि पुढच्या डोसला ती फिरकत नाही. नर्सच्या दारात रांग असताना हे सगळं सांगायला वेळ कुठून आणायचा?

इथे फोन मदतीला येऊ शकतो. बिहारमध्ये 2012 साली बीबीसी मीडिया अ‍ॅक्शन या संस्थेने ‘मोबाइल कुंजी’ आणली. कडीत ओवलेली चित्रांची कार्डं आणि प्रत्येकावर एक नंबर. गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, घरी जाऊन कार्ड दाखवायची, साध्याच फोनवरून तो नंबर लावायची आणि ‘डॉक्टर अनिता’ या पात्राचा आवाज तोच विषय समजावून सांगायचा. सुनेबरोबर सासूच्याही कानावर ते पडायचं. आशाताईने सांगितलं तर ‘आम्हाला काय शिकवतेस’ म्हणणारं घरही डॉक्टरीणबाईंचं ऐकून घेतं. शंका आली तर उत्तर द्यायला आशाताई समोरच बसलेली.

केंद्र सरकारच्या, 2016 पासून सुरू असलेल्या ‘किलकारी’ या फोनसेवेत आशाताईचा हा दुवा नाही. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित संदेश येतो, असे एकूण 72. मध्य प्रदेशात याची शास्त्रीय चाचणी झाली. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढला. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. दूध पुरत नाही या काळजीने रडकुंडीला आलेल्या आईला काहीतरी विचारायचं असतं, आणि फोनवरचा आवाज पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

केनियात मात्र ‘जकारांडा हेल्थ’ या संस्थेच्या सेवेत बाई स्वतः एसएमएस करून प्रश्न विचारते. संगणक प्रश्न निवडून धोक्याची लक्षणं असलेले आधी पुढे काढतो आणि मदतकक्षातली माणसं त्यांना उत्तर देतात.

महाराष्ट्रात 2024 साली आलेल्या ‘किलकारी’ला अशी जोड द्यायला हवी. लिहिता न येणाऱ्या बाईला एक बटण दाबून आपल्या बोलीत, अहिराणीत किंवा वऱ्हाडीत, प्रश्न बोलून ठेवता यावा आणि तो थेट उपकेंद्रातल्या नर्सताईंपर्यंत पोहोचावा. अंतरा घेतलेल्या बाईला काही आठवड्यांनी ‘त्रास होतोय का?’ असा फोन जावा.

एक खबरदारी मात्र आधी घ्यायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशात जेमतेम 54 टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. नवऱ्याच्या फोनवर गर्भनिरोधकाचा निरोप गेला, तर घरात वादळ उठू शकतं. म्हणून फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता यावा आणि कोणत्या विषयावर मुळीच येऊ नये, हे नोंदणीच्या वेळी तिलाच एकटीला विचारायला हवं. ते विचारणार आशाताईच. तेव्हा या कामाचा वेगळा मोबदला तिच्या मानधनात पहिल्या महिन्यापासून धरला जावा.