आधी गाणं ठरवा, मग सॉफ्टवेअर

रेकॉर्डिंगचं बहुतेक कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं, की पडद्यावर दोन गोष्टी आधीच ठरलेल्या दिसतात: मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचा ताल. पॉप किंवा डान्स म्युझिक करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्याचं गाणं जन्मतंच त्या चौकटीत. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून मारवा गाणाऱ्याला किंवा सांगलीत पेटी-तबल्यावर अभंग बसवणाऱ्याला मात्र सुरुवातच त्या चौकटीशी झटापट करून करावी लागते. म्हणून घरच्या स्टुडिओसाठी ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ हा प्रश्न अपुरा आहे. काय रेकॉर्ड करायचं हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नाही.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज जास्त चांगला रेकॉर्ड होतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करण्याचं काम ऑडिओ इंटरफेस करतो; सॉफ्टवेअर ते आकडे फक्त लिहून ठेवतं. तोच माइक, तीच खोली आणि तीच २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची सेटिंग असेल, तर फुकटच्या ऑडॅसिटीत आणि व्यावसायिक स्टुडिओंमध्ये रुळलेल्या प्रो टूल्समध्ये उमटलेला कच्चा आवाज सारखाच असतो. फरक पडतो तो पुढच्या कामात: काटछाट, मिक्सिंग, सोबत येणारी वाद्यं आणि कामाचा वेग यांत.

महागड्या स्टुडिओशिवायही गाणं घडतं, याची साक्ष गायिका बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम देतो. लॉस एंजेलिसमधल्या घरात, भाऊ फिनियसच्या बेडरूममध्ये, लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर वापरून तो मुख्यतः रेकॉर्ड झाला. २०२०च्या ग्रॅमीत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. अंतिम मिक्सिंग अनुभवी इंजिनीअरने केलं हेही खरं; पण गाणं घडलं ते घरातच.

मग निवड कशी करायची? कथावाचन, पॉडकास्ट, मुलांची गाणी किंवा रियाजाची नोंद एवढंच काम असेल, तर ऑडॅसिटी पुरेसं आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. गायन, पेटी, तबला, टाळ असे वेगवेगळे ट्रॅक घेऊन त्यांचा मेळ घालायचा असेल, तर मॅक असणाऱ्यांसाठी गॅरेजबँड मोफत आहे. विंडोज किंवा लिनक्स असेल तर रीपर पाहावं. विनअ‍ॅम्प हा म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण क्षमतेनं वापरून पाहता येतं. वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो आणि त्यात कोणतीही सोय कापलेली नसते. हलगी-संबळाचे लूप रचून त्यावर रॅप करणाऱ्या मुलांना मात्र एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह जास्त सोयीचं, कारण त्यांची रचनाच तुकडे जोडून गाणं बांधण्यासाठी झाली आहे.

आपल्या संगीताच्या दृष्टीने खरी कसोटी आहे लयीची. भजनी ठेका चारच्या चौकटीत बसतो. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल यांच्यासाठी मात्रांची संख्या बदलून घेता येते. विलंबित एकतालाचं काय? तिथे एका आवर्तनाला कधी कधी मिनिटभर लागतं, आणि बंदिश पुढे सरकते तशी लय नकळत चढत जाते. ती सॉफ्टवेअरच्या ठरावीक ठोक्याला, म्हणजे क्लिकला, बांधली, तर गायकाची समेवर येण्याची मोकळीक जाते. अशा वेळी क्लिक बंद करावी, तबलजीबरोबर सलग टेक घ्यावा आणि नंतर त्या टेकवरून सॉफ्टवेअरला लयीचा नकाशा करायला लावावा. रीपर, क्यूबेस आणि लॉजिकमध्ये हे करता येतं. सॉफ्टवेअर निवडताना ही सोय आहे का, हे पाहिलंच पाहिजे.

स्वराची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. १९९७मध्ये ऑटो-ट्यून आलं आणि सूर दुरुस्त करणं बटणावर आलं. त्यामागचं गणित अँडी हिल्डेब्रँड यांनी तेलसाठे शोधण्याच्या भूकंपलहरींच्या कामातून आणलं होतं. पण हे साधन आंधळेपणानं बारा समान स्वरांना जुंपलं, की दरबारीतला आंदोलित कोमल गंधार सरळ ताठ उभा राहतो आणि मींड जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक ऐकू येते. ख्याल, ठुमरी किंवा नाट्यगीत गाणाऱ्याने हे बटण बंद ठेवावं आणि बेसूर ओळ पुन्हा गावी.

पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी इंटरफेसवर करावेत. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, तर गायक बिचकतो. हा उशीर बराचसा बफरवर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो त्यावर, ठरतो: ४४.१ किलोहर्ट्झला १,०२४ नमुन्यांचा बफर एका वेळी सुमारे २३ मिलिसेकंद खातो, १२८चा जेमतेम तीन. विंडोजवर एवढा छोटा बफर सुरळीत चालवायला एएसआयओ ड्रायव्हर असलेला इंटरफेस लागतो. तो नसेल, तर दीड-दोनशे डॉलरचं सॉफ्टवेअरही द्रुत लयीत उपयोगी पडत नाही.

‘क्रॅक’ केलेली प्रत घेण्याचा मोह मात्र सोडला पाहिजे. त्यातून संगणकात व्हायरस शिरतात, अपडेट मिळत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, स्वतःच्या गाण्याची रॉयल्टी मागणाऱ्या कलावंताला दुसऱ्याची मेहनत चोरून वापरणं शोभत नाही. चांगले मोफत पर्याय असताना तर त्याला सबबही उरत नाही.

विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही कायमचं नसतं. गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७मध्ये आपल्या केकवॉक या ब्रँडचा विकास थांबवला, तेव्हा त्याचं सोनार हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं वापरणारे एका दिवसात अधांतरी झाले. पुढे बँडलॅबने ते विकत घेऊन चालू ठेवलं, पण प्रत्येक वेळी असा वाली मिळेलच असं नाही. एका सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्यात सहसा उघडत नाही. म्हणून गाणं पूर्ण झालं, की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेव्ह फाइलमध्ये काढून दोन ठिकाणी जपून ठेवावा. घरातल्या ज्येष्ठांच्या ओव्या आणि आरत्या रेकॉर्ड करणाऱ्यांनी तर हे न चुकता करावं. तो आवाज पुन्हा मिळणार नसतो.

हे सगळं शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. शहरा-गावांतले संगीताचे वर्ग प्रवेशिका ते विशारद परीक्षांची तयारी मन लावून करून घेतात. त्यांनी वर्षातले चार तास माइक, आवाजाची पातळी, बफर आणि फाइल जपण्याला द्यावेत. एका वर्गाला एक माइक, दोन चॅनेलचा साधा इंटरफेस आणि मोफत ऑडॅसिटी घातलेला एक जुना लॅपटॉप एवढ्यावर हे सुरू करता येईल.