साक्ष आणि साक्षीदार

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मोटारीच्या फलकावर एंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी काळा धूर सोडी आणि पेट्रोल अधिक पिई. नातू बेफाम हांकतो म्हणूनच असें होतें, असें समजून मी त्यास चार शब्द सुनावले.

कारखान्यांत तपासणीयंत्र लावतांच 'पी ०११८' ही खूण उमटली. एंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याची उष्णता सांगणाऱ्या सेन्सरची ती तक्रार. कारागिरानें नवा सेन्सर बसविला. दुसरे दिवशीं दिवा पुन्हां हजर!

धुरावरून अग्नीचें अनुमान करतांनाही हेतु निर्दोष असावा लागतो, हें नैयायिकांचें सांगणें आम्ही विसरलों. ती खूण साक्षीदारास खोटा म्हणत नाहीं. साक्ष पोंचत नाहीं, एवढेंच सांगते. तार तुटली तरी गाडीच्या संगणकास उणें ४० अंशांची थंडी भासते व तो पेट्रोल वाढवितो.

नातवानें किल्ली फिरवून, सेन्सरची जोडणी काढून तिचीं दोन टोकें क्षणभर एकत्र केलीं. अंक एकदम चढता तर तारा शाबूत व सेन्सर सदोष ठरता. अंक हललाच नाहीं. उंदरानें तार कुरतडली होती ! ती सांधून खूण पुसली. दिवा पुन्हां लागला नाहीं.

सेन्सर खरोखरच बदलणें असेल, तर एंजिन पूर्ण निवूं द्यावें. दाबाखालील कढत पाणी हात भाजतें. नंतर सांडलेलें पाणी भरून काढावें.

सेन्सरचे पैसे फुकट गेले, त्याचें दुःख नाहीं. नातवाची मात्र मीं क्षमा मागितली.